एकतिसाव्या खणातली विहीर

शाळेच्या वरच्या मजल्यावर, जिन्यापासून अगदी शेवटच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट उभं आहे. त्याच्या खालून दुसऱ्या कप्प्यात एक रंगवलेली लाकडी फळी पडली आहे. ती फळी मी. हंसाच्या खेळाचा पट. ग्रोनिंगन ह्या आमच्या थंड, सपाट मुलखात असा पट घरोघरी असायचा, बहुतेक पुठ्ठ्याचा. पुठ्ठ्याचे कधीच रद्दीत गेले. मी लाकडाचा, म्हणून अजून बोलायला उरलोय.

आधीच सांगून ठेवतो, मला वाचता येत नाही. अंगावर एक ते त्रेसष्ट आकडे आहेत खरे, पण पोत्यावर नाव छापलं म्हणून पोतं काही वाचायला लागत नाही. मला कळतं ते वजनावरून, आवाजावरून, हाताच्या स्पर्शावरून. तेवढ्यात जे समजलं ते सांगतो. घाई करू नका. मला भरभर सांगता येत नाही.

पट होण्याआधी मी दार होतो. जुन्या घरांत भिंतीतच कपाटासारखा पलंग असायचा, त्याचं दार. एबल म्हणून एक गवंडी होता, त्याच्या घरातलं. कडाक्याच्या थंडीत सिमेंट धरत नाही, मग गवंड्याला घरी बसावं लागतं. अशाच एका हिवाळ्यात त्यानं तो पलंग काढून टाकला आणि दाराची फळी टाकून देववेना म्हणून माझा पट केला. पंधरा दिवस घासत होता. मग बारीक कुंचल्यानं रंगवायला बसला. त्याची मुलगी हिल्ये तेव्हा चार वर्षांची होती. ती टेबलाला हनुवटी टेकून विचारायची, "झालं का, बाबा?" आणि तो म्हणायचा, "भिंत आणि रंग, दोघांनाही वाळू द्यावं लागतं."

बाकीची चित्रं त्यानं मनानं काढली. एकतिसाव्या खणातली विहीर मात्र खिडकीतून अंगणाकडे बघत काढली. त्याचीच विहीर होती ती, त्याच्या आजोबांनी बांधलेली.

खेळ सोपा आहे. दोन फासे टाकायचे, आणि सोंगटी म्हणून ठेवलेलं आपलं बटण घेऊन गोगलगाईच्या पाठीसारखं गोल गोल फिरत आत त्रेसष्टाव्या खणापर्यंत जायचं. हंसाच्या खणात पडलात तर तेवढंच आणखी पुढं. खाणावळीत पडलात तर एक डाव बसून राहायचं. अठ्ठावन्नाव्या खणात हाडांचा सापळा आहे. तिथं पडलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून. आणि एकतिसाव्या खणात विहीर. तीत पडलेल्यानं तिथंच बसायचं, दुसरं कुणीतरी येऊन तीत पडेपर्यंत. तो आला की हा सुटतो. नाही आला तर नाही.

एबलच्या घरात ह्याहून दोन गोष्टी जास्तीच्या होत्या.

एक म्हणजे, विहिरीत पडलेल्याशी कुणी बोलायचं नाही. तो सुटेपर्यंत बाकीच्यांनी हसावं, भांडावं, कॉफी ओतावी, पण त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. छोट्या हिल्येला ते फार लागायचं. ती रडकुंडीला यायची, आणि सगळे तिच्या डोक्यावरून फासे टाकत राहायचे. ह्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आमच्याकडची माणसं शब्द तसेही जपूनच वापरतात. पाहुणा येतो, एक कप कॉफी, सोबत एकच बिस्किट, हवा कशी आहे ते होतं, की उठतो. मनातलं मनात राहतं.

दुसरी गोष्ट मला आवडायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, तव्यावर डुकराचं मांस घातलेली जाड काळी धिरडी शिजत असायची तेव्हा, मोठा डाव व्हायचा. जो जिंकेल त्याचं नाव एबल माझ्या पाठीवर लिहायचा, गवंड्याच्या चपट्या पेन्सिलीनं. जिंकणारा कुणीही असो, लिहायचं एबलनंच. पेन्सिल जोरात दाबायची त्याला सवय. त्यामुळं प्रत्येक नाव माझ्या अंगात उतरलंय. हिल्येची मुलगी फेना मोठी झाली आणि तिचंही नाव चढलं, एकदा नाही, चारदा. आमच्याकडच्या लिपीत तिच्या नावात मध्ये दोन अक्षरं अगदी सारखी येतात, जुळ्या भावांसारखी खांद्याला खांदा लावून. ती चाल मी कुठंही ओळखीन.

मग जमीन हलायला लागली.

जमिनीच्या पोटातून वर्षानुवर्षं वायू काढत होते. पोट रिकामं झालं की कातडी खचते, तसं झालं. मोठा भूकंप नाही, टेबलावरचे फासे आपोआप कलंडावेत इतकाच. पण भिंतींना ते सोसेना. एबलच्या घराला पहिली भेग गेली ती खिडकीच्या कोपऱ्यातून. त्यानं त्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आणि वर तारीख लिहिली. पट्टी तुटली तर भेग वाढतेय, हे गवंड्यांचं मोजमाप. पट्टी तुटली. त्यानं दुसरी लावली. तीही तुटली. शेवटी घरात अशा एकोणतीस पट्ट्या होत्या, आणि बाहेरून भिंतीला लाकडी टेकू लावले होते, म्हाताऱ्याच्या काखेत कुबड्या द्याव्यात तसे.

तपासायला माणसं यायची. मोजायची, फोटो काढायची, आणि "कळवू" म्हणून जायची. मग दुसरी यायची, तीच भेग पुन्हा मोजायची. एबल सुरुवातीला त्यांच्याशी बोलायचा. कुठली वीट कुठल्या भट्टीतली ते सांगायचा. पुढं पुढं नुसता दार उघडायचा. दीड वर्ष गेलं, तेव्हा त्याच्याकडे तीनच शब्द उरले होते. हो, नको आणि कॉफी. त्या वर्षाअखेरीला मोठा डाव झालाच नाही. एबल म्हणाला, "नको."

फेना तेव्हा बारा वर्षांची. वडील कधीच घर सोडून गेलेले. आई, आजोबा आणि ती.

एक दिवस तिनं मला पिशवीत घातलं आणि सायकलला लावून शाळेत नेलं. बोल्हाउस म्हणून तिच्या बाई होत्या. त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, घरातून एकेक जुना खेळ आणा. टेबलावर आम्ही सगळे मांडलेलो. पत्ते होते, ठोकळे होते, एक बुद्धिबळ होतं त्याचा घोडा हरवलेला.

"नवा खेळ करायचा नाही," बाई म्हणाल्या. "जुनाच घ्यायचा आणि त्यातला एक नियम बदलायचा. एकच. मग खेळून बघायचं."

येल्ते नावाचा एक वात्रट मुलगा होता. "बाई, सगळेच बदलले तर?"

"मग बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळेल का तुला?"

"बिघडणारच नाही."

"येल्ते, मागच्या आठवड्यात तू सायकलची साखळी, ब्रेक आणि घंटा एकदमच खोललीस. कसा आलास आज शाळेत?"

"चालत," येल्ते म्हणाला, आणि वर्ग हसला.

बाईंचा आणखी एक कायदा होता. ज्यानं नियम बदलला त्यानं खेळायचं नाही. बाजूला बसायचं, तोंड बंद ठेवायचं, आणि खेळणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. "ते काय म्हणतात ते लिहू नका," बाई म्हणायच्या. "'छान आहे' असं सगळेच म्हणतात. कुणाचे पाय टेबलाखाली हलायला लागले, कुणी खिडकीबाहेर बघितलं, ते लिहा."

फेनानं विहीर निवडली. दुसरं काही ती निवडणारच नव्हती.

तिनं पिवळ्या कागदाची चिठ्ठी कापली आणि माझ्या एकतिसाव्या खणाखाली चिकटवली. पहिला नियम असा होता की, कुणीही आपला एक डाव सोडावा आणि विहिरीतल्याला बाहेर काढावं. चौघं खेळायला बसले. मारित नावाची मुलगी दुसऱ्याच मिनिटाला विहिरीत पडली. कुणी डाव सोडला नाही. एकेक करत तिघंही पुढं निघून गेले.

"अरे काढा की मला!" मारित ओरडली.

"मी थांबलो तर हा जिंकेल," येल्ते म्हणाला. "मी काय खुळा आहे?"

फेना बाजूला बसून बघत होती. तिची बोटं माझ्या कडेवर होती, मला ती कळत होती. गार पडली होती.

बाईंनी विचारलं, "काय दिसलं?"

"कुणी थांबत नाही, बाई."

"मग माणसं वाईट का नियम कच्चा?"

फेनानं आपल्या टिपणाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "नियम कच्चा. थांबण्यात त्यांचं नुकसान आहे."

दुसरी चिठ्ठी चढली. सगळे पोचल्याशिवाय कुणीच जिंकत नाही. ह्या वेळी सगळे एकमेकांसाठी थांबले, आणि दहा मिनिटांत येल्तेनं टेबलावर डोकं ठेवलं. "सगळेच पोचणार असतील तर फासे कशाला टाकायचे? हात धरून जाऊ की." मारितनं जांभई दिली. फेनानं तेही लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी स्वतःच उपटली.

तिसऱ्या चिठ्ठीला तिला आठवडा लागला. तिसरा नियम असा: विहिरीत पडलेला तिथंच बसणार, दुसरा येऊन पडेपर्यंत. ते जुनंच. पण विहिरीवरून पुढं जाणाऱ्यानं आतल्याला एक बातमी सांगायची. खरी, आणि त्याला माहीत नसलेली.

मला वाटलं, ही पोर आपल्या घराचीच रीत उलटी करतेय.

पहिल्या डावात येल्ते विहिरीवरून गेला. आत पुन्हा मारितच होती. बिचारीचं नशीबच तसं. "बातमी अशी," येल्ते म्हणाला, "की तुझ्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात माझं सफरचंद आहे. गेल्या मंगळवारपासून."

मारितनं हात घातला आणि किंचाळली. सगळा वर्ग आमच्या टेबलाभोवती गोळा झाला. मग सगळ्यांनाच हा खेळ खेळायचा होता. काही पोरं मुद्दाम विहिरीत पडायला बघायची. फेना तोंड दाबून बसली होती, पण तिचे पाय टेबलाखाली नाचत होते.

तिसऱ्या की चौथ्या डावाला, एरवी कधी न बोलणारा एक मुलगा विहिरीवरून जाताना म्हणाला, "आमच्या घरालाही टेकू लावणार आहेत. कालच कळलं."  विहिरीत येल्ते होता. तोही वात्रटासारखं काही बोलला नाही. म्हणाला, "आमच्या गोठ्याला लावलेत." आणि डाव पुढं चालू झाला.

बाई म्हणाल्या, "आता घरी न्या. वर्गाबाहेरच्या माणसांबरोबर खेळा. तिथं कळतं नियम उभा राहतो का."

आता जे सांगायचंय ते सांगताना मला थोडं थांबावं लागतं.

एबलच्या घराचं काय करायचं ते ठरलं होतं. पाडायचं. पत्र जानेवारीत आलं, हिल्येच्या हाती पडलं. तिनं ते स्वयंपाकघरातल्या कपड्यांच्या खणात, अगदी तळाशी ठेवलं, आणि फेनाला बजावलं, "आजोबांना बोलायचं नाही. हिवाळा तर निघू दे." गावात मात्र सगळ्यांना कळलं होतं. पाववाल्याला, टपालवाल्याला, शेजाऱ्यांना. ते यायचे, एबलसमोर बसायचे, हवेविषयी बोलायचे आणि उठायचे. अख्खं गाव त्याच्या डोक्यावरून फासे टाकत होतं.

फेब्रुवारीतला रविवार होता तो. जेवणं झाली होती. फेनानं मला टेबलावर मांडलं.

"आजोबा, शाळेचं काम आहे. खेळावं लागेल."

एबल म्हणाला, "नको."

"मला गुण मिळणार नाहीत."

तो खुर्ची ओढून बसला. हिल्येही बसली. खेळणारं कुणी नव्हतंच तिसरं, तेव्हा बाईंचा कायदा बाजूला ठेवून फेना स्वतः खेळायला बसली. पाचव्या डावाला एबलचं बटण एकतिसाव्या खणात आलं. त्याला हसू आल्यासारखं वाटलं मला. बोटानं त्यानं ते बटण नीट विहिरीच्या मध्यावर सरकवलं आणि सवयीनं गप्प झाला.

हिल्येचं बटण विहिरीवरून गेलं. "नियम काय म्हणालीस? बातमी? बरं. पाववाल्यानं जुनी गाडी विकली, बाबा."

"हं," एबल म्हणाला. विहिरीतल्या माणसाशी ह्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

मग फेनाचे फासे पडले. नऊ. तिचं बटण पंचविसाव्या खणात होतं. तिनं ते उचललं, एक एक खण मोजत विहिरीपाशी आली, आणि तिथं तिचा हात हवेतच राहिला. मला त्या बटणाची सावली लागत होती.

"सांग की काहीतरी," हिल्ये म्हणाली. "शाळेतलं सांग. त्या येल्तेचं सांग."

"आजोबांना माहीत नसलेली सांगायची असते. आणि खरी."

"फेना."

"आजोबा, आपलं घर पाडणार आहेत. एप्रिलमध्ये. पत्र आलंय."

तिनं बटण खाली ठेवलं. चौतिसाव्या खणात, बरोबर मोजून.

  एबलचं बोट माझ्या विहिरीवर होतं.  ते जड झालं होतं, विटेसारखं.

"कुठल्या तारखेला?" त्यानं विचारलं.

"एकोणीस," फेना म्हणाली.

"पुढच्या भिंतीपासून सुरू करणार का मागच्या?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. एबल उठला, कोट घातला आणि बाहेर गेला. नंतर बराच वेळ बाहेरून टक टक ऐकू येत होती. तो बोटाच्या पेरांनी एकेक भिंत वाजवून बघत होता.

आत हिल्ये म्हणाली, "खेळ होता ना हा? खेळात सांगायची गोष्ट होती ही?"

"नियमच तसा आहे, आई."

"नियम तूच केलेला!"

डाव अर्धाच राहिला. सोमवारी फेनानं मला शाळेत नेऊन ठेवलं. बटणं तिनं खिशात टाकली होती.

पुढचं मी शाळेतच ऐकलं. एबल बोलायला लागला म्हणे. सकाळी काठी घेऊन निघायचा, घरोघर जायचा आणि विचारायचा, "तुम्हाला ठाऊक होतं ना?" लोक मान खाली घालायचे. मग हाच म्हणायचा, "असू दे. कॉफी टाका." आणि बसून सांगायचा, कुणाची भिंत त्यानं कुठल्या साली बांधली, कोणाच्या धुराड्यात त्याची थापी राहिली. मारित म्हणाली, "तुझे आजोबा आमच्याकडे दोन तास बसले. बिस्किटं तीन खाल्ली." आमच्याकडे हे फार झालं.

आणि मार्चमध्ये एकदा तो इथं आला.

वर्ग रिकामा होता. पोरं व्यायामाला गेली होती. शाळेचा शिपाई हार्म त्याला वर घेऊन आला. "हळू, एबलकाका, जिना अरुंद आहे."

"मला सांगतोस? ही मागची भिंत माझ्या हातची आहे."

"मग पडायची नाही."

"पडते की. सगळ्याच पडतात," एबल म्हणाला. "फेनाचा पट कुठाय?"

हार्मनं मला खिडकीतून उचलून टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. एबलनं माझ्यावरची पिवळी चिठ्ठी बोटानं चाचपली. मग मला उलटं केलं. खिशातून पेन्सिल काढली. ती चपटी, तीच. टोक जिभेला लावलं आणि माझ्या पाठीवर, सगळ्या नावांच्या खाली, लिहायला लागला.

मी सांगितलं ना, मला वाचता येत नाही. पण ते नाव मला कळलं. मध्ये दोन सारखी अक्षरं, खांद्याला खांदा लावून. पाचव्यांदा. मग पेन्सिल थांबली. मग नावाच्या पुढं त्यानं आणखी काहीतरी लिहिलं, चार-पाच शब्द असतील. पूर्वी कधी त्यानं नावापुढं काही लिहिलं नव्हतं. ते काय होतं ते मला माहीत नाही.

त्यानं मला सुलटं करून ठेवलं आणि बाहेर जाताना म्हणाला, "हार्म, बाबा, मी आलो होतो हे पोरीला सांगू नकोस. तिचं तिला सापडू दे."

"नाही सांगत," हार्म म्हणाला. शब्दाचा पक्का माणूस.

एकोणीस एप्रिलला घर पाडलं. फेना त्या दिवशी शाळेत आली नाही. त्या तिघांना गावाबाहेरच्या तात्पुरत्या घरांत हलवलं. डब्यांसारखी घरं, एका रांगेत. भिंतीवर टकटक केलं की पोकळ आवाज यायचा, असं फेनानं बाईंना सांगितलं. "आजोबा रोज वाजवून बघतात आणि मान हलवतात."

सहा आठवड्यांनी एबल गेला. दुपारी, खुर्चीत.

फेना वर्गात परत आली तेव्हा शाळा सुटली होती. बाई एकट्याच होत्या.

"आई म्हणते, मी सांगितलं नसतं तर अजून जगले असते."

"आई दुःखात आहे, फेना."

"पण खरं आहे का ते?"

बाई चांगल्या होत्या.  "मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. खरं होतं ते, पण पोरीला ते पुरलं नाही.

फेना माझ्याजवळ आली. एकतिसाव्या खणाखालची चिठ्ठी तिनं नखानं उचकटली आणि ओढून काढली. रंगाचा एक पापुद्रा तिच्यासोबत गेला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, पोरी, एकदा उलटं कर मला. एकदाच. तिनं तळवा माझ्यावर ठेवला. आत्ता करेल, असं वाटलं.

"पट घरी नेणार ना?" बाईंनी विचारलं.

"नको. घरच नाही."

बाईंनी मला कपाटात ठेवलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सापडेल असा एबलचा हिशेब असावा. नाव लिहायला पट उलटा करतातच. पण त्या वर्षी लिहिणाराच नव्हता, आणि डावही झाला नाही. हार्मला वाटत राहिलं, पोरीला सापडलं असेल. बाईंना वाटलं, नंतर कधीतरी तिनं पट नेला असेल. हिल्येला वाटलं, शाळेत आहे तर आहे. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

दोन वर्षांनी शाळेलाही भेगा गेल्या. भूकंप सोसेल अशी नवी इमारत बांधली आणि सामान तिकडं न्यायचं ठरलं. न्यायच्या वस्तूंना हिरवी चकती लावली. मी शाळेच्या यादीत नव्हतो, कारण मी घरचा. घरच्या यादीतही नव्हतो, कारण ती यादी करताना मी शाळेत होतो. मला चकती लागली नाही. निघताना हार्मनं कपाटांची दारं एकेक करून लोटली आणि स्वतःशीच बोलला, "फेना अजून तिथंच असते, डब्यांच्या रांगेत, शेवटून तिसऱ्या घरात. परवा दिसली. मान खाली घालून गेली." मग दिवा मालवला.

त्याला आता एक वर्ष झालं. ती पंधरा-सोळाची झाली असेल. अजून तिला वाटत असेल, आपल्या नियमानं आजोबा मेले.

काल हेल्मेट घातलेली दोन माणसं वर आली होती. एकानं कपाट उघडलं. "अरे, हंसाचा पट! आमच्या आजीकडे होता असा." त्यानं माझ्या धुळीवरून बोट फिरवलं. माझ्या अंगात जीव आला. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "चल रे, खाली जेवण गार होतंय. सोमवारी मागच्या भिंतीपासून पाडायला सुरू करायचंय." दार लागलं.

मागची भिंत एबलच्या हातची आहे. मी तिलाच टेकून आहे.

तुम्ही इतका वेळ थांबून ऐकलंत. आता तुम्ही पुढं जाल, जायलाच हवं. फेनाच्या नियमात थांबा असं म्हटलंच नव्हतं. आतल्याला ओढून काढा असंही नव्हतं. तेव्हा मला इथून न्या, असं मी म्हणत नाही. लाकूड म्हातारं झालंय, कुठंही गेलं तरी चालेल. फक्त मला एकदा उलटं करा. सगळ्यात खालची ओळ वाचा. आणि ती बातमी फेनाला सांगा. डब्यांच्या रांगेत, शेवटून तिसरं घर.

सोमवारच्या आत.